आरसीवरचा बोजा आणि बुडालेले पैसे: जुनी गाडी घेण्याआधी वाचा

पूर्ण पैसे देऊन झालेले असतात, गाडी दारात उभी असते, आणि ट्रान्सफरचा अर्ज अडतो. कारण एकच: गाडीवर एचपी, म्हणजे हायपोथिकेशनची (गाडी कर्जासाठी तारण असल्याची) नोंद अजून आहे. विक्रेता आधी ‘एनओसी (कर्जदात्याचं ना-हरकत पत्र) दोन दिवसांत येतेय’ म्हणतो, नंतर फोन उचलेनासा होतो. मग एखाद्या दिवशी फायनान्सवाल्यांची माणसं गाडी ओढून न्यायला येतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५१ इथे अगदी सरळ आहे. नोंदीत ज्या कर्जदात्याचं नाव आहे, त्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलत नाही. नोटरी केलेला विक्रीकरार असो की विक्रेत्याने सह्या करून दिलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, त्यांच्या जोरावर हा बोजा उतरत नाही.

सर्वात जास्त चालणारा प्रकार दिसायला निरुपद्रवी असतो. समजा सौदा ५ लाखांचा आहे आणि ३ लाख कर्ज बाकी आहे. विक्रेता म्हणतो, ‘तुमच्याच पैशांतून लोन क्लोज करतो.’ पैसे त्याच्या बचत खात्यात जातात आणि तिथून दुसऱ्याच देण्यात मुरतात. तो काही महिने हप्ते भरत राहतो, म्हणून कर्जदात्याकडून कुणी हलत नाही आणि घेणाराही निर्धास्त असतो. हप्ता थांबला की सगळं उघडं पडतं, पण तोवर विक्रेत्याच्या खात्यात काही उरलेलं नसतं. प्रत्येक वेळी माणूस सुरुवातीपासून लबाडच असतो असं नाही. अडचणीतल्या माणसाच्या हातात रोकड आली की कर्ज फेडायचं राहून जातं, आणि घेणाऱ्याचं नुकसान तेवढंच होतं.

दुसरा प्रकार बनावट एनओसीचा. लेटरहेड आणि गोल शिक्का कुठेही तयार होतो, त्यामुळे त्यांच्यावर जाऊ नका. कागदावर कर्जखाते क्रमांक, गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर आहे का आणि तो गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, हे बघा. सोबत कर्जदात्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो, कारण बोजा उतरवायचा अर्ज तोच आहे. नुसतं पत्र दाखवून ‘फॉर्म नंतर मिळेल’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. खातरजमा शाखेत जाऊन करा. फोनच करायचा असेल तर नंबर कर्जदात्याच्या संकेतस्थळावरून घ्या, पत्रावर छापलेला नको. एनओसीला मुदत असते, साधारण तीन महिन्यांची. जुनी एनओसी खरी असली तरी आरटीओ ती नवीन करून आणायला सांगू शकतं.

तिसऱ्या प्रकारात आरसी खरी असते आणि तिच्यावर फायनान्सरचं नाव नसतं. तरीही गाडीवर बोजा असू शकतो, कारण छापलेलं कार्ड फक्त छपाईच्या दिवशीची स्थिती सांगतं. त्यानंतर त्याच गाडीवर पुन्हा कर्ज काढलं असेल तर नवी नोंद ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत असते, विक्रेत्याच्या पाकिटातल्या जुन्या कार्डावर नसते. म्हणून परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीची माहिती स्वतः काढा. विक्रेत्याने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. टोकन देताना एकदा आणि मोठी रक्कम पाठवायच्या दिवशी पुन्हा, असं दोनदा बघा. ई-चलन आणि ब्लॅकलिस्टची नोंदही त्याच बैठकीत तपासून होते.

खाजगी सावकाराकडची उधारी मात्र ‘वाहन’मध्ये दिसतच नाही. तिथे मूळ आरसी, दुसरी चावी आणि सह्या केलेले कोरे फॉर्म सावकाराच्या कपाटात असतात, आणि विक्रेता ‘आरसी हरवली’ म्हणून डुप्लिकेट काढतो. आरसीवर डुप्लिकेटचा उल्लेख आणि चावी एकच, हे दोन्ही एकत्र दिसलं तर खरेदीचा विचार सोडलेला बरा. विम्याची पॉलिसीही मागून घ्या, चालू वर्षाची आणि मागचीही. कर्ज असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर फायनान्सरचं नाव आयएमटी ७ या कलमाखाली येतं. आरसी कोरी आणि पॉलिसीवर मात्र फायनान्सर, असं दिसलं तर आधी त्याचा खुलासा मागा.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. गाडीचे सगळे हप्ते फिटले तरी एनओसी अडू शकते. त्याच कर्जदात्याचं दुसरं कर्ज थकलं असेल, किंवा विक्रेता कुणाला जामीन राहिला असेल, तर करारातल्या कलमावर बोट ठेवून एनओसी रोखली जाते. त्यामुळे ‘बाकी शून्य’ दाखवणारा खातेउतारा पुरेसा धरू नका.

व्यवहार सुरक्षित करायचा तर पैशांचे तीन भाग करा. आधी विक्रेत्याकडून फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज आज बंद करायला किती भरावं लागेल हे सांगणारं कर्जदात्याचं पत्र, मागवा. त्यात उरलेलं मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, थकलेला दंड, मुदतीआधी फेडीचा आकार आणि पत्राची मुदत असते. मुदत उलटली की रोजचं व्याज चढतं आणि थोडी रक्कम कमी पडली तरी खातं बंद होत नाही. ही रक्कम आरटीजीएसने किंवा डिमांड ड्राफ्टने थेट कर्जखात्यात भरा, विक्रेता आणि तुम्ही दोघं शाखेत हजर असताना. वसुली एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. सौद्यातली उरलेली रक्कम एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावर विक्रेत्याला द्या, पण थोडा हिस्सा ‘वाहन’मधून बोजा निघेपर्यंत रोखून धरा. किती, ते करारात आकड्यासह लिहा. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी विक्रेत्याच्या मोबाइलवर जातो, म्हणून त्याला शेवटपर्यंत व्यवहारात गुंतवून ठेवणं गरजेचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची वेगळी एनओसी लागते, आणि बोजा असताना तिलाही फायनान्सरची संमती हवी.

पैसे देऊन अडकला असाल तर गाडी पुढे कुणाच्या गळ्यात मारू नका, नाहीतर तक्रारीत आरोपी म्हणून तुमचंही नाव येईल. ‘वाहन’मधली नोंद, बँकेचा उतारा आणि चॅट जपून ठेवा, मग वकिलामार्फत नोटीस पाठवा. वस्तुविक्री कायदा, १९३० चं कलम १४ सांगतं की न सांगितलेला बोजा मालावर नाही, याची हमी विक्रेत्याने दिलेली धरली जाते. मात्र आरसीवर फायनान्सरचं नाव स्पष्ट असेल तर ‘यांना माहीत होतं’ असा बचाव होतो, आणि तो टिकूही शकतो. पोलीस तक्रारीत फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ येतं, बनावट एनओसी असेल तर ३३६ आणि ३४० सुद्धा. गाडी डीलरकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. त्याची मुदत दोन वर्षं.

गाडी ओढायला आलेल्यांकडे ओळखपत्र, कर्जदात्याचं अधिकारपत्र आणि कर्जदाराला पाठवलेल्या नोटिशीची प्रत मागा. हातघाईवर प्रसंग आला तर पोलिसांना बोलवा.

कर्जाची बाकी रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा बरीच कमी असेल, तर ती स्वतः भरून विक्रेत्याकडून वसूल करणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं. भारतीय करार कायद्याचं कलम ६९ त्याला आधार देतं: दुसऱ्याचं देणं ज्याने आपलं हित गुंतलेलं म्हणून भरलं, त्याला ते परत मागता येतं. पण पैसे भरण्याआधी एक कागद हवाच. कर्जदाता खात्याची माहितीही तुम्हाला देत नाही आणि एनओसीही कर्जदाराच्याच हातात ठेवतो. म्हणून ‘एनओसी आणि फॉर्म ३५ या व्यक्तीकडे द्यावेत’ असं विक्रेत्याच्या सहीचं अधिकारपत्र शाखेत स्वीकारलं गेल्याची पोच आधी घ्या. नाहीतर कर्ज तुमच्या पैशांनी फिटेल आणि एनओसी घेऊन विक्रेता पुन्हा तुमच्याशी भाव करायला बसेल.