तैवान की थायलंड: समलिंगी विवाहाचे दोन साचे

तैवानने नागरी संहितेला (विवाह, वारसा, दत्तक यांचा मूळ कायदा) हात न लावता २४ मे २०१९ पासून वेगळा कायदा आणला. गोम तिथेच आहे. संहितेतली जी तरतूद नव्या कायद्यात ओढून घेतली नाही, ती या जोडप्यांना मिळत नाही. म्हणूनच २०२३ पर्यंत दत्तक घेता येई ते फक्त जोडीदाराचे जैविक मूल.

थायलंडने संहितेतच ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’च्या जागी ‘व्यक्ती’ घातले (२३ जानेवारी २०२५ पासून). दत्तक, वारसा ओघाने आले. ‘आई-वडील’ मात्र तसेच राहिले, आणि पालकत्वाची कलमे तिथे अडतात. तरी रचना थायलंडचीच सरस.

भारतीय जोडप्यांसाठी दोन्ही देशांतले विवाहाचे दाखले सारखेच: सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालानंतरही इथे अशा विवाहाला मान्यता नाही. म्हणून जोडीदाराला वारसा मिळावा यासाठी मृत्युपत्र वेगळे करावेच लागते.