रेंजफाइंडरचा फोकस चुकतोय: काच, डिजिटल की रोल?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला रात्रीचा फोटो. नंदीध्वज पेलणाऱ्याच्या चेहऱ्यावर रेंजफाइंडरच्या खिडकीतल्या दोन्ही प्रतिमा नीट जुळवल्या होत्या. स्कॅन आल्यावर बघावं तर चेहरा पुसट, आणि मागच्या माणसाच्या फेट्याचा धागा न् धागा मोजता येतोय. कॅमेरा जुना सोव्हिएत रेंजफाइंडर झॉर्की-४, लेन्स ज्युपिटर-८, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२, म्हणजे पूर्ण उघडं. असा फोटो हातात आला की पहिला विचार येतो तो लेन्स उघडण्याचा. तो तूर्त बाजूला ठेवा.

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही. लेन्सची मागची कडी बॉडीतला एक दांडा ढकलते, त्यावर छोटी प्रतिमा सरकते आणि आपण ती मोठीवर बसवतो. म्हणजे लेन्स ठणठणीत असली तरी दांडा फसवू शकतो, आणि दांडा इमानदार असला तरी लेन्स. चूक किती बारीक असते बघा: ५० मिमी. लेन्सने एक मीटरवरची वस्तू टिपताना फिल्मपाशी ०.१ मिमी. फरक पडला, तर फोकस साडेतीन सेंटिमीटर सरकतो. एफ/२ ला त्या अंतरावर स्पष्ट दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम साडेचार सेंटिमीटर. चेहरा गेलाच. एफ/८ च्या लहान छिद्राला हीच चूक पोटात घातली जाते, म्हणून दिवसा उन्हात काढलेले फोटो बघून «लेन्स चांगली आहे» असा दाखला देऊ नका.

दोष शोधायचे तीन रस्ते आहेत. मी पहिल्याच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो.

घासलेली काच

फिल्मच्या जागी धूसर काच ठेवली की लेन्सची प्रतिमा तिच्यावर डोळ्यांनी बघता येते. खर्च जवळजवळ शून्य. फोटोफ्रेमवाल्याकडून काचेची छोटी पट्टी कापून घ्या आणि एका बाजूला धूसर, लिहिता येणारी सेलोटेप सुरकुती न पडता चिकटवा. ट्रेसिंग पेपर नको, तो झोळ खातो. झॉर्की-४ आणि फेड-२ यांची पाठ पूर्ण निघते, त्यामुळे काम सोपं. (खालून रोल भरायच्या जुन्या जर्मन लायका किंवा झॉर्की-१ असेल तर हा रस्ता जवळपास बंद.) टेपची बाजू लेन्सकडे करून काच फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर बसवा. बाहेरच्या पट्ट्या किंचित उंच असतात. काच त्यांच्यावर बसली तर सगळी तपासणी खोटी. शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) ठेवून केबलने उघडं धरा. झॉर्कीत स्पीड बदलायचा तर आधी शटर भरून घ्यायचं, नाहीतर नवंच दुखणं मागे लागेल. बघायला घड्याळजीचं भिंग लागतं.

आधी इन्फिनिटी, म्हणजे फार लांबचा फोकस. संध्याकाळी गच्चीवर जा, किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर धरा. रेंजफाइंडरला उभी रेघ लागते, आडव्या रेघेवर तो काहीच सांगत नाही. पूर्वी यासाठी साखर कारखान्याची चिमणी होती, लांबून दिसणारी, सरळसोट. विमानतळाला अडथळा म्हणून ती जून २०२३ मध्ये पाडली. विमानतळाच्या वादात कोण बरोबर ते राहू द्या, माझं निशाण गेलं एवढं खरं.

आता लेन्स इन्फिनिटीच्या टोकाला नेऊन दोन्हीकडे बघा. काचेवर टॉवर धारदार, पण व्ह्यूफाइंडरमध्ये दोन टॉवर दिसतात? लेन्स निर्दोष, रेंजफाइंडर सरकलाय. त्याचा स्क्रू बॉडीत असतो आणि काम दहा मिनिटांचं. व्ह्यूफाइंडरमध्ये जुळलंय पण काचेवर पुसट? मग लेन्स तिच्या जागी बसलेली नाही, किंवा बॉडीचं अंतर बिघडलंय. लायका पद्धतीच्या ३९ मिमी. आट्यांच्या माउंटमध्ये (लेन्स जिथे चढते ती कडी) माउंटपासून फिल्मपर्यंत २८.८ मिमी. लागतात. दुसरी कुठलीही लेन्स त्याच बॉडीवर लावा. तीही तशीच चुकली तर दोष बॉडीचा.

मग एक मीटर. इथे उलटं करा: काडेपेटी उभी ठेवून काचेवर फोकस साधा, आणि मगच व्ह्यूफाइंडरमधून बघा. लांबचं जुळतं आणि जवळचं नाही, हा सगळ्यात चिवट प्रकार. ज्युपिटर लायकावर चढवली की हेच होऊ शकतं, कारण लायकाचा हिशेब ५१.६ मिमी. फोकल लेंथचा आणि ज्युपिटर त्याहून किंचित लांब. लेन्सच्या काचेचा गट आणि बाहेरची नळी यांच्यातली पातळ चकती बदलून एक अंतर साधता येतं, सगळी अंतरं नाहीत. फोकस मागे पडत असेल तर चकती जाड करायची, पुढे पडत असेल तर पातळ.

मिररलेस आणि ॲडाप्टर

लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाकडूनही मिररलेस (आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा) तासाभरासाठी मागता येते; जुनी लेन्स तिच्यावर ॲडाप्टरच्या जोडकडीने चढते. स्क्रीनवर दहापट मोठं करून बघण्यात जी चैन आहे ती काचेत नाही. लेन्सवर धुरकट थर चढलाय का, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा मऊ आहे का, कुणी आधी उघडून भिंग उलटं बसवलंय का, हे इथे पाच मिनिटांत कळतं. कुठल्याच अंतरावर धार येत नसेल तर गोष्ट फोकसची नाहीच.

पण तुमचा मूळ प्रश्न इथे सुटत नाही. ॲडाप्टरमध्ये दांडा नसतो, त्यामुळे लेन्स आणि रेंजफाइंडर यांचं पटतं का हे तो सांगणार कसं? शिवाय बरेच ॲडाप्टर थोडे आखूड असतात. त्यांवरची इन्फिनिटी बघून लेन्सची चकती बदलायला निघालात तर चांगली लेन्स बिघडवाल.

फिल्मचा रोल

अंतिम निकाल हाच, कारण खरी फिल्म, खरा दाब. निशाण घरात आहेच. सोलापुरात टेस्ट चार्ट विकत घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. जमिनीवर चादर अंथरा, नक्षीच्या एका ओळीवर काडेपेटी उभी करा, मीटरभरावरून तिरक्या कोनात एफ/२, २.८, ४ आणि ५.६ ला फोटो घ्या. कुठली ओळ धारदार आली ते नक्षी मोजून सांगता येतं. ज्युपिटर-८ जर्मन कंपनी झाइसच्या सोनार रचनेची आहे आणि या घराण्यात ॲपर्चर बंद करताना फोकस मागे सरकतो, तेही या चार फोटोंत दिसेल. अडचण वेळेची. मी रोल पुण्याला पाठवतो, आणि स्कॅन येईपर्यंत कुठला फोटो कुठल्या ॲपर्चरचा हे वहीत लिहिलेलं नसेल तर पैसे पाण्यात.

तेव्हा कॅमेरा नुकताच घेतला असेल आणि परत करायची मुदत चालू असेल, तर आजच काच. लेन्स एकटीच विकत घेताय, बॉडी हाताशी नाही, तर मिररलेस. रोल फक्त दुरुस्ती झाल्यावर, खात्रीसाठी. आणि लेन्स उघडायचीच ठरली तर फोकसचे आटे सुटतात ती नेमकी जागा दोन्ही कड्यांवर सुईने ओरखडून ठेवा. त्यांना सुरू व्हायच्या जागा अनेक असतात, आणि चुकीच्या जागी चढवलेली लेन्स दिसायला अगदी बरोबर दिसते.