धातूच्या छोट्या मूर्ती ओतायच्या आहेत: सिलिकॉनचा साचा की फिरती रबरी चकती?

अठ्ठावीस मिलिमीटरची मूर्ती घडवून झाली, आता तिच्या धातूत प्रती हव्यात. इथवर पोचलेल्या माणसापुढे दोन रस्ते असतात. पहिला म्हणजे खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या सिलिकॉनचा दोन पाखांचा (दोन अर्धे जुळवलेला) साचा घरीच करून वरून पळीने धातू सोडायचा. दुसरा म्हणजे रबराच्या जाड चकतीत उष्णता आणि दाब देऊन साचा पक्का करायचा, ती चकती यंत्रात फिरवायची आणि मधल्या भोकातून धातू ओतायचा. दुकानातल्या बहुतेक धातूच्या मूर्ती चकतीतून निघतात, त्यामुळे पहिला रस्ता नवशिक्यांचा असा एक समज आहे. तो पुरता खोटा नाही, पण निम्माच खरा आहे.

चकतीचं कौतुक आधी करून टाकू, कारण ते रास्त आहे. फिरण्याच्या जोरावर धातू बाहेर रेटला जातो आणि भाल्याच्या टोकापर्यंत, पागोट्याच्या पिळांपर्यंत पोचतो. एका फेरीत डझनभर मूर्ती, मिनिटा-दोन मिनिटांत चकती रिकामी, आणि बरा सांभाळला तर एकच साचा शेकड्यांनी प्रती देतो. समोरासमोरच्या मूर्तींचं वजन सारखं ठेवा, नाहीतर फिरताना चकती थरथरते. नऊ इंची चकतीचा वेग बारा इंचीला लावलात तर कडेला जोर जास्त पडून पाखांच्या फटीतून धातू पापुद्र्यासारखा बाहेर येतो. दाबाचंही असंच: कमी पडला तर पापुद्रा, जास्त झाला तर हवेला वाट उरत नाही आणि हात अर्धवट येतात. हे गणित बसायला चार-सहा फेऱ्या जातात. एकदा बसलं की मग फार विचार करावा लागत नाही.

घरच्या साच्याची खरी अडचण हवेची. मूर्ती साच्यात उलटी असते, पायाकडून धातू शिरतो आणि डोकं खाली. तलवार उगारलेला मावळा घ्या. उलटा केल्यावर तलवारीचं टोक सगळ्यात खाली, बंद गल्लीसारखं. तिथली हवा अडकते आणि निम्मी तलवार येतच नाही. धातू आणखी तापवून हे सुटत नाही. उपाय म्हणजे टोकापासून अर्ध्या मिलिमीटरची बारीक खाच काढून ती वळवून साच्याच्या वरच्या कडेपर्यंत आणायची. वाट वर उघडत असल्यामुळे धातू गळत नाही, फक्त हवा निसटते. ढालीची कड, कोपर, घोड्याचे कान, जिथे जिथे खोलगट शेवट आहे तिथे हीच युक्ती. शिवाय ओतायचं नरसाळं मूर्तीच्या वर तीन-चार सेंटिमीटर उंच ठेवा. तेवढा धातूचा भार खाली दाब देतो आणि थंड होताना मूर्ती आकसते तेव्हा तिला वरून रसद मिळते. नरसाळं आखूड असेल तर पायथ्याला खड्डा पडतो.

बाकीची तयारी म्हणजे टाल्कम पावडरचा हलका थर, जास्तीची झटकून टाकायची. दोन्ही बाजूंना एमडीएफच्या फळ्या आणि बेताचा क्लॅम्प. आवळून धरलात तर मऊ सिलिकॉन दबतं आणि मूर्ती चपटी येते. पहिल्या तीन-चार प्रती अर्धवटच येणार, त्या पुन्हा पातेल्यात. साचा तापला की काम जमायला लागतं.

आता ज्या कटकटीमुळे माझा तराजू झुकला ती सांगतो. रबरी चकती पक्की करायला साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि प्रेसचा भक्कम दाब लागतो, तोही तासभर. रबराच्या दोन थरांच्या त्या सँडविचमध्ये तुमची मूळ मूर्ती असते. एपॉक्सी पुट्टीची मूर्ती कधी टिकते, कधी तडकते. टिकली तरी रबरातून उपसताना मनगटं तुटतात. थ्रीडी प्रिंटरवर साध्या रेझिनमध्ये छापलेली मूर्ती त्या उष्णतेत मऊ पडते किंवा फुटते. म्हणून चकतीत ठेवायला मास्टर, म्हणजे जिच्यावरून साचा घेतात ती मूर्ती, धातूचाच लागतो. तो आणणार कुठून? सिलिकॉनच्या साच्यातूनच. म्हणजे चकतीच्या रस्त्याला लागायचं तरी घरचा साचा करावाच लागतो, आणि तो चांगलाच करावा लागतो, कारण त्यातली प्रत्येक खोट चकतीतल्या डझनभर मूर्तींवर उमटणार. एवढं झाल्यावर पंधरा-वीस मूर्तीच हव्या असतील तर चकती करायची कशाला, हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही.

त्यात आकसण्याचा हिशेब धरा. एका पिढीला साधारण टक्का-दीड टक्का कमी होतो. मूळ मूर्ती, धातूचा मास्टर, चकतीतली प्रत, अशा दोन पिढ्यांत चेहरा थोडा बारीक आणि थोडा मऊ होतो. एकट्या मूर्तीत कळत नाही, पण जुन्या फौजेशेजारी उभी केली की डोळ्याला जाणवतं.

सिलिकॉन निवडताना दोन प्रकार समोर येतील. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर घट्ट होणारं टिकाऊ आणि मापाला पक्कं, पण गंधक असलेली क्ले किंवा पुरतं न पिकलेलं रेझिन लागलं की त्या जागी चिकटच राहतं. छापलेल्या मूर्तीसाठी म्हणून टिनवर घट्ट होणारं सिलिकॉन बरं. हार्डनर वजनाने मोजा, दशांश ग्रॅमच्या काट्यावर. डोळ्याने अंदाज नको. डब्यावर २९०-३०० अंश सोसण्याचा उल्लेख हवा. टिनवाल्यातून घट्ट होताना अल्कोहोल बाहेर पडतं, म्हणून साचा चोवीस तासांनी हाताला कोरडा लागला तरी लगेच वापरू नका. चार-पाच दिवस उघडा ठेवा, मग ओव्हनमध्ये हलकं तापवा. घाई केली तर मूर्तीच्या पाठीवर बुडबुड्यांची रांग उठते आणि दोष बिचाऱ्या धातूला जातो.

धातूच्या बाबतीत दोन्ही रस्ते जवळपास सारखे. कथील ६३ आणि शिसं ३७ हे मिश्रण १८३ अंशांना वितळतं, वाहतं सुरेख, पण शिशाबरोबर हातमोजे, उघड्या खिडक्या आणि स्वयंपाकघरापासून लांब जागा हे सगळं आलंच. कथलात थोडी अँटिमनी आणि चिमूटभर तांबं घातलेला प्यूटर २४० अंशांच्या आसपास वितळतो. मुलं हाताळणार असतील तर दुसरा विचार नको. कथील-बिस्मथ १३८ अंशांनाच पातळ होतं, साच्याला सगळ्यात कमी त्रास देतं, मात्र ठिसूळ असतं, बारीक तलवार वाकण्याआधी तुटते. तापमापक नसेल तर काडेपेटीची काडी उलटी धरून धातूत बुडवा. तपकिरी पडली तर ओता. लगेच काळी होऊन धुरावली तर थांबा. फार तापलेल्या धातूची मूर्ती खरबरीत आणि पांढुरकी निघते. ओली पळी किंवा दमट धातू पातेल्यात कधीही घालू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू तोंडावर उडतो. चष्मा यासाठीच.

मग चकती कुणी घ्यावी? एकाच मूर्तीच्या दोनशे प्रती विकायच्या असतील, किंवा चारजण मिळून फौज उभी करत असाल, तर तिला तोड नाही. यंत्र विकत घ्यायची गरज नाही. इमिटेशन दागिने आणि कीचेन ओतणारे कारखाने मुंबईत आणि राजकोटकडे हीच पद्धत वापरतात, आणि काहीजण बाहेरचं काम घेतात. बोलणी करताना धातू कुठला ते आधी विचारा, आणि मास्टर धातूचाच लागेल हे गृहीत धरा.

त्यांना देताना घरच्या साच्यातल्या सगळ्यात नीट आलेल्या पाच-सहा प्रती द्या, एकच नको. पाखांची शिवण फाइलने घासून काढलेली, पायथा सपाट केलेला असावा. एखादी उपसताना बिघडली तरी चकतीतली जागा रिकामी राहत नाही. आणि मूळ मूर्ती घरीच ठेवा.