थोंगचाईचा रस्ता आज कुठे सापडेल? आशियातल्या गोल्फ टूरची तुलना

क्यू-स्कूलचे, म्हणजे टूरच्या पात्रता स्पर्धेचे, अर्ज भरायची वेळ आली की नव्याने व्यावसायिक झालेल्या गोल्फरच्या घरात तीच चर्चा सुरू होते. एशियन टूरच्या परीक्षेला थायलंडला जायचं, की आधी आपल्या पीजीटीआयवर, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक टूरवर, दोन हंगाम काढायचे, की सरळ जपान गाठायचं? पैसे एकाच ठिकाणी लावता येणार असतात. मग बक्षिसांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले जातात आणि मोठा आकडा जिंकतो.

माझ्या मते बक्षिसाची रक्कम तिसऱ्या क्रमांकावर बघायची. आधी बघावं ते हे, की त्या टूरवर चांगलं खेळल्यावर पुढे कुठे जाता येतं. त्यानंतर, एक आठवडा खेळायला खिशातून किती जातात. हे कळायला थायलंडच्या थोंगचाई जैदीची कारकीर्द बघण्यासारखी आहे. अर्धी अनुकरण करायला आणि अर्धी आज ते का जमणार नाही हे समजून घ्यायला.

थोंगचाई १९६९चा, बँकॉकच्या उत्तरेला असलेल्या लोपबुरीचा. हे लष्करी तळांचं शहर. तो स्वतः थाई सैन्यात छत्रीधारी सैनिक होता आणि व्यावसायिक झाला १९९९ मध्ये, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर. आपल्याकडे या वयात मुलं खेळ सोडून कोचिंग सुरू करतात. याने पुढच्याच वर्षी कोरिया ओपन जिंकली, २००१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि त्याच हंगामात एशियन टूरच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे वर्षाच्या कमाईच्या क्रमवारीत, पहिला आला. २००४ आणि २००९ मध्ये पुन्हा.

पण त्याच्या आयुष्याला वळण दिलं ते २००४च्या मलेशियन ओपनने. ही स्पर्धा एशियन टूर आणि युरोपियन टूर मिळून भरवत. जिंकणारा आशियातला असला तरी त्याला युरोपात खेळायचा हक्क मिळायचा, तोही क्यू-स्कूलच्या फेऱ्या न मारता. युरोपियन टूरवर जिंकणारा थोंगचाई पहिला थाई ठरला. पुढच्या वर्षी त्याने तीच स्पर्धा परत मारली. २००९ मध्ये कोरियातल्या जेजू बेटावर आणि इंडोनेशियात अशाच संयुक्त स्पर्धा जिंकल्या. मग थेट युरोपच्या भूमीवर: २०१२ मध्ये वेल्स, २०१४ मध्ये स्वीडन, २०१५ मध्ये जर्मनी आणि २०१६ मध्ये पॅरिसजवळच्या ल गोल्फ नासिओनालवर फ्रेंच ओपन. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. पन्नाशीनंतर तो अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या टूरवर गेला आणि २०२२ मध्ये मॅडिसनला जिंकून तिथलाही पहिला थाई विजेता झाला.

तो एकटाच या वाटेने गेला असं नाही. किरादेच अफिबार्नरातने २०१३ मध्ये मलेशियन ओपन जिंकली आणि काही वर्षांनी अमेरिकेतल्या पीजीए टूरचं सदस्यत्व मिळवणारा पहिला थाई झाला. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने २०१५ मध्ये मलेशियन आणि इंडियन ओपन दोन्ही जिंकल्या. त्याच वर्षी कोरियातल्या इंचॉनला झालेल्या प्रेसिडेंट्स कप या सांघिक स्पर्धेत लाहिरी आणि थोंगचाई एकाच संघात होते. एशियन टूरवर सर्वाधिक १८ विजय नावावर असलेला थावोर्न विराचांतही २००५ मध्ये इंडोनेशियात अशीच संयुक्त स्पर्धा जिंकला होता. आशियातच राहायचं, घरून ये-जा करायची, आणि एक आठवडा सगळं जुळून आलं की युरोप, असा तो हिशोब होता.

हा हिशोब आता बंद झाला आहे.

२०२१च्या अखेरीस सौदी पैशांवर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फ या प्रतिस्पर्धी लीगने एशियन टूरमध्ये दहा वर्षांसाठी २० कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं आणि काही महिन्यांत तो आकडा ३० कोटींवर नेला. युरोपियन टूर, म्हणजे आताचा डीपी वर्ल्ड टूर, अमेरिकेच्या पीजीए टूरच्या बाजूला राहिला. एशियन टूरशी त्याची भागीदारी संपली आणि संयुक्त स्पर्धाही गेल्या. दिल्लीजवळची हिरो इंडियन ओपन आता डीपी वर्ल्ड टूर आणि पीजीटीआय मिळून भरवतात, एशियन टूरचा त्यात हात नाही. त्यामुळे थोंगचाईचं उदाहरण देऊन कुणी ‘एशियन टूरवर जा, मग युरोप आपोआप’ असं सांगत असेल, तर तो दहा वर्षांपूर्वीचा सल्ला देतो आहे.

एशियन टूर: वर चढलात तर कुठे?

आज एशियन टूरवर दोन प्रकारचे आठवडे असतात. साध्या स्पर्धांत एकूण बक्षीस बऱ्याचदा ५ लाख डॉलर, विजेत्याला त्याचे १८ टक्के, म्हणजे ९० हजार. इंटरनॅशनल सीरिजच्या आठवड्यात तेच एकूण २० लाख डॉलर, विजेत्याला ३ लाख ६० हजार. ही सीरिज २०२२ मध्ये थायलंडमधल्या हुआ हिनच्या ब्लॅक माउंटन कोर्सवर सुरू झाली. तिची वेगळी क्रमवारी असते आणि तिच्या माथ्यावरून लिव्हमध्ये जागा मिळते. आकडा बघून डोळे दिपतात खरे, पण त्याच आठवड्यात लिव्हचे करारबद्ध खेळाडूही उतरतात. २०२४ मध्ये या सीरिजच्या क्रमवारीत पहिला आला तो वाकिन नीमन, जो आधीपासूनच लिव्हमध्ये होता. नवख्या खेळाडूला मोठ्या बक्षिसाबरोबर मोठे प्रतिस्पर्धीही मिळतात, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

लिव्हमध्ये जाऊन परत आलेलेही आहेत. थायलंडचा सादोम काएवकांजना २०२२ मध्ये सिंगापूर ओपन जिंकला, त्याच वर्षी सेंट अँड्र्यूजला द ओपन या मेजर स्पर्धेत, म्हणजे जगातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीत, अकरावा आला, लिव्हमध्ये खेळला आणि बाहेरही पडला. २०२५ मध्ये त्याने कोरिया ओपन जिंकली आणि द ओपनमध्ये पुन्हा जागा मिळवली. एशियन टूरची खरी जमेची बाजू मला इथे दिसते. लिव्हपेक्षा मला या टूरवरून मेजर स्पर्धांत मिळणाऱ्या मोजक्या जागा जास्त मोलाच्या वाटतात.

कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, मिळवायचं तर क्यू-स्कूल. शेवटची फेरी अलीकडची काही वर्षं हुआ हिन परिसरात होते. ९० होल, पाच दिवस, आणि पहिले ३५ (बरोबरीतले धरून) आत. पस्तिसाव्या जागेभोवती शेवटच्या दिवशी एवढी गर्दी असते की एका बोगीने, म्हणजे एका जादा फटक्याने, वर्ष जातं. थायलंडच्या कोर्सवर कॅडी बहुतेक बायका असतात, रुंद काठाची टोपी, उन्हापासून वाचायला मनगटापर्यंत बाह्या, खांद्यावर ओला टॉवेल. इंग्रजी मोजकंच बोलतात, पण ग्रीनवरच्या गवताचा कल त्यांना पाठ असतो. बोटाने ‘डावीकडे दोन कप’, म्हणजे होलच्या दोन रुंदींएवढं डावीकडे, म्हणून दाखवलं की ऐकावं. पहिल्यांदा जाणारी मुलं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतात आणि सपाट वाटणाऱ्या ग्रीनवरचा पाच फुटांचा छोटा फटका (पट) चुकवतात. जायचं ठरलं तर आठवडाभर आधी पोहोचून त्याच गवतावर खेळून घ्या. तो जास्तीचा खर्च फुकट जात नाही.

कार्ड हुकलं तर खाली एशियन डेव्हलपमेंट टूर आहे, २०१० पासूनचा. बक्षीस बहुधा १ लाख डॉलरच्या आगेमागे. हंगामाअखेर पहिल्या काही जणांना एशियन टूरचं कार्ड मिळतं.

पीजीटीआय शेजारी ठेवून बघा

आता आपल्याकडचा हिशोब मांडा. पीजीटीआयच्या बऱ्याच स्पर्धा १ कोटी रुपयांच्या असतात, विजेत्याला १५ लाख. डॉलरमध्ये मोजलं तर ही रक्कम डेव्हलपमेंट टूरच्या जवळपासच येते. फरक आहे तो खर्चात. तिकडे मलेशिया, इंडोनेशिया, सौदी असा प्रवास, व्हिसा, हॉटेल, अनोळखी कॅडी. इकडे रेल्वे किंवा देशातलं विमान, मित्राच्या घरी मुक्काम, आणि ओळखीचा कॅडी. या टूरवर दोन दिवसांनंतर जवळपास निम्मे खेळाडू कटमध्ये, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठीच्या गाळणीत, बाहेर पडतात आणि त्या आठवड्याचा एक रुपयाही हातात येत नाही. सलग तीन कट हुकले तर पुण्याच्या मुलाला ते अहमदाबादेत परवडतं, जकार्तात नाही.

पुढच्या वाटेचं बघायचं तर इथे पीजीटीआय चक्क उजवा ठरतो. २०२२च्या हंगामापासून त्याच्या क्रमवारीत पहिला येणाऱ्याला डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळतं. थोंगचाईला मलेशियात जे मिळालं, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट आज क्वालालंपूरऐवजी आपल्याच टूरच्या यादीत आहे. अट मात्र कडक आहे. तेव्हा एक आठवडा पुरत होता, आता अख्खा हंगाम पहिलं राहावं लागतं, आणि जागा एकच. शिवाय वरची उडी मोठी आहे. मनू गंडास आणि महूचा ओम प्रकाश चौहान या वाटेने युरोपात गेले, पण दोघांनाही तिथे जम बसवता आला नाही. याउलट पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला पोहोचला, त्यात देशी टूरवरच्या विजयांनी मिळालेल्या रँकिंग गुणांचा मोठा वाटा होता. तेव्हा देशी टूरला हलकं लेखू नये.

आणि जपान

जपानचा टूर १९७३ पासूनचा, शिस्तीचा, आणि पैशाच्या बाबतीत भरवशाचा. १० कोटी येनच्या स्पर्धेत विजेत्याला २० टक्के, म्हणजे २ कोटी येन. हुआ हिनचा प्रयाद मार्कसाएंग २००८ मध्ये तिथे मित्सुबिशी डायमंड कप जिंकला आणि पुढे थाई खेळाडूंची ये-जा तिथे चालूच राहिली. क्रमवारीतल्या पहिल्याला डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड इथेही मिळतं, आणि हे लोक तयार होऊन जातात. २०२३ मध्ये जपानमध्ये पहिला आलेला केइता नाकाजिमा मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामला आला आणि हिरो इंडियन ओपन घेऊन गेला.

तरीही पहिल्या वर्षाच्या मुलाला मी जपान सुचवणार नाही. राहणं महाग, भाषा येत नाही आणि स्थानिक खेळाडूंची पातळी इतकी वरची की कार्ड मिळूनही कट निघेनात. दुसऱ्या एखाद्या टूरवर एक-दोन विजय खिशात आल्यावर ती परीक्षा द्यावी.

कार्ड गेलं तर?

टूर निवडताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि थाई खेळाडूंचं खरं बळ मला इथेच दिसतं. जॅझ जेनवात्तानानोंदने २०१० मध्ये १४ वर्षांचा असताना एशियन टूरवर कट काढला, तेव्हा इतक्या लहान वयात ते कुणीच केलं नव्हतं. त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. २०१६ साल मात्र खराब गेलं, कार्ड हातचं गेलं. वर्षअखेरीस तो दोन आठवडे बौद्ध भिक्खू होऊन राहिला, जे थाई घरांत तरुण मुलगे करतातच. २०१७च्या सुरुवातीला ढाक्याच्या कुर्मितोला कोर्सवर बांगलादेश ओपन जिंकून तो परत उभा राहिला. २०१९ मध्ये सिंगापूर, कोरिया, इंडोनेशिया आणि थायलंड अशा चार ठिकाणी जिंकला आणि ऑर्डर ऑफ मेरिट घेतली. त्याच वर्षी बेथपेजला पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तीन फेऱ्यांनंतर तो संयुक्त दुसरा होता. शेवटच्या दिवशी ७७ मारून चौदावा आला.

मनःशांती वगैरे असेलच. पण त्याच्या देशात वर्षभर खेळता येतं, घरचे टूर चालू असतात आणि एशियन टूरच्या स्पर्धाही दाराशी येतात. पडल्यावर उठायला जागा असते. आपल्या मुलासाठी ती जागा पीजीटीआय आहे, म्हणून बाहेर जातानाही तिथली पात्रता सोडून देऊ नका. मात्र दुसऱ्या टूरवर खेळायला परवानगी कशी आणि केव्हा मिळते, ते नियम अर्ज भरायच्या आधी वाचा.

मुलींच्या पालकांना हा सगळा घोळ नाही. लिव्हच्या भांडणाने पुरुषांचा खेळ दुभंगला, महिलांचा तसा दुभंगला नाही. आत्थाया थितिकुलने २०१७ मध्ये १४व्या वर्षी लेडीज युरोपियन टूरची स्पर्धा हौशी खेळाडू म्हणून जिंकली, २०२१ मध्ये त्या टूरची ऑर्डर ऑफ मेरिट घेतली, २०२२ मध्ये एलपीजीएवर, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या टूरवर, गेली आणि १९व्या वर्षी जगात पहिली आली. अदिती अशोकचा क्रमही असाच होता: २०१६ युरोप, २०१७ एलपीजीए. मुलगी चांगली खेळत असेल तर आशियात घुटमळू नका, युरोपची क्यू-स्कूल द्या.

मुलाच्या बाबतीत माझं उत्तर असं. हातात एका वर्षाचा खर्च असेल तर पीजीटीआय. दोन वर्षांचा असेल आणि देशी क्रमवारीत तो आधीच पहिल्या दहात असेल तर हुआ हिनची क्यू-स्कूल जरूर द्यावी, पण कार्ड हुकलं तर डेव्हलपमेंट टूरवर पूर्ण हंगाम न काढता जवळच्या चार-पाच स्पर्धा निवडून खेळाव्यात आणि उरलेले आठवडे घरी. मुलगा अजून पहिल्या पन्नासातही नसेल, तर थायलंडला स्पर्धेसाठी न पाठवता महिनाभर सरावाला पाठवा. तेवढ्याच पैशांत जास्त होल खेळून होतील.