कानाने वाचलेली आठवी: शाळेतल्या ऑडिओ पुस्तकांचे आठ महिने

नाशिकच्या पंचवटीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात पाच मुलांना छापील पान जवळजवळ बंदच आहे. एका मुलीची नजर अधू, पुस्तक नाकाला टेकवून धरते. तिघांना डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचताना अडखळायला लावणारी अध्ययन अक्षमता. पाचव्याच्या हातांत ताकद नाही, पान उलटतानाच तो दमतो. जूनपासून या पाचही जणांना ऑडिओ पुस्तकं दिली. आता फेब्रुवारी संपत आला, म्हणून लिहिते.

सुरुवात सोप्या वाटेने केली. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती फोनकडून वाचून घेतली. पण आमच्याकडच्या काही फायलींत जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटून यायच्या, अर्धी वाक्यं कळायचीच नाहीत. ते धडे आम्ही युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केले. मग उच्चार आडवे आले. गुरांचा ‘चारा’ आमचा फोन ‘चार’ आकड्यातल्या ‘च’ने वाचायचा. १८१८ सालाचं ‘एक हजार आठशे अठरा’ व्हायचं.

इथे एक गोष्ट लक्षात आली, ती कुणी आधी सांगितली असती तर दोन महिने वाचले असते. अधू नजरेच्या मुलीला फोनचा आवाज आठवड्याभरात सरावाचा झाला. आता ती दीडपट वेगाने ऐकते आणि माणसाचं वाचन तिला रेंगाळल्यासारखं वाटतं. डिस्लेक्सियावाली तिघं मात्र त्या आवाजात पाच मिनिटांत हरवायची. त्यांना माणसाचाच आवाज लागतो, तोही सावकाश, आणि समोर पुस्तक उघडं ठेवून ओळीवर बोट. नुसतं कानात घालून बसवलं की मन भटकतं. ‘ऑडिओ दिला, काम झालं’ असं समजू नका. पाच मुलांना पाच तऱ्हा लागतात.

म्हणून आम्हीच वाचायला बसलो. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अशा मुलांसाठी सुलभ, म्हणजे त्यांना वापरता येईल अशा रूपातली, प्रत करायला परवानगी देतो, त्यामुळे बिचकायचं कारण नव्हतं. दोन मुलांच्या आया, एक निवृत्त शिक्षिका आणि मी. जुलैत पत्र्यावरच्या पावसाने तीन धडे वाया गेले. मग पहाटे, पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून रेकॉर्डिंग. पहिला धडा चाळीस मिनिटांच्या एकाच फाइलमध्ये केला, ती मोठी चूक. मधलाच परिच्छेद पुन्हा ऐकायचा तर मुलं पुढे-मागे करत बसायची. आता एका मथळ्याची एक फाइल, सुरुवातीला पान क्रमांक, आणि आकृती आली की ‘डावीकडे अमुक, उजवीकडे तमुक’ असं वर्णन. वर्णनाला वाचनापेक्षा जास्त वेळ लागतो. तो द्यावाच लागतो.

हेच काम डेझी (DAISY) या खास मांडणीतली डिजिटल बोलकी पुस्तकं आयतं करतात. त्यांत मथळ्यावरून मथळ्यावर, पानावरून पानावर उडी मारता येते. २०१६ला सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय अशी पुस्तकं छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना विनामूल्य देतं. सभासद व्हायला मात्र दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. २०१६च्याच दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता स्पष्टपणे आहे, तरी आमच्या एका मुलाचे वडील सरकारी दवाखान्यात चार खेपा घालून आले. अंबडला कंपनीत रोजावर आहेत ते, चार दिवसांची हजेरी बुडाली. चौथ्या खेपेलाही ‘पुढच्या महिन्यात या’. मला याचा फार राग आहे.

त्याच मुलाची गोष्ट सांगते. मागच्या वर्षापर्यंत उत्तरपत्रिका कोरी द्यायचा. ‘बल व दाब’ हा धडा त्याने घरी तीनदा ऐकला. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर टेबलाशी उभा राहिला. म्हणाला, “मॅडम, खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो ना? मग आपल्या गंगापूर धरणाची भिंत खाली इतकी रुंद त्याच्यासाठीच असते का?” मी त्याला फळ्यावर भिंतीचा छेद काढायला लावला. वर अरुंद, खाली रुंद, बरोबर काढला. वाचता येत नाही म्हणून ज्याला सगळे ‘ढ’ म्हणत होते, तो हाच.

इअरफोनचं म्हणाल तर वायरी दोन-तीन महिन्यांत तुटतात, प्रत्येकाला स्वतःचाच द्या. सुरुवातीला मुलं ते दप्तरात लपवायची. एक धडा अख्ख्या वर्गाला स्पीकरवर ऐकवला, तेव्हापासून लपवणं थांबलं. आता बाकीचीही फाइल मागतात.

गणितात आम्ही अडलोय. भूमितीची आकृती शब्दांत सांगता सांगता कोन कुठला नि बाजू कुठली, मुलांनाही कळेना आणि वाचणारीलाही. कुणाकडे आठवीच्या भूमितीचं मराठीत नीट केलेलं रेकॉर्डिंग असेल तर जरूर कळवा. आमच्या मुलांसारख्याच मुलांसाठी हवं असेल तर विज्ञानाचं सगळं पुस्तक मी पाठवते.