‘पुढच्या अपडेटमध्ये येणार’: कोणत्या कन्सोलच्या बाबतीत किती धरून चालायचं?

सोनीचा प्लेस्टेशन ५, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस, आणि निन्टेंडोचा स्विच २, हे तीन गेमिंग कन्सोल. यांतला एक घ्यायचा म्हटलं की खेळ, किंमत, घरच्यांची मर्जी हे सगळं पाहून होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, “अरे, त्यात ते फीचर येणार आहे, थोडा थांब.” बाजारात तुरी! तरी हे अंदाज बांधणं अगदीच वाया जात नाही. तिन्ही कंपन्यांच्या सवयी एवढ्या वर्षांत उघड झाल्या आहेत.

मी आधी एवढंच बघतो की हव्या त्या सोयीसाठी लागणारा भाग यंत्रात आधीपासून बसवलेला आहे का. सोनीची चाल यातून चांगली कळते. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जादा एसएसडी, म्हणजे खेळ साठवायची वेगवान डिस्क, बसवायची एम.२ नावाची खाच आत होती, पण बंद. ती सगळ्यांसाठी सुरू झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. व्हीआरआर, म्हणजे टीव्हीचा रिफ्रेश रेट खेळाच्या फ्रेमशी जुळवून घेणं, एप्रिल २०२२ मध्ये आलं, आणि १४४०पी, म्हणजे फुल एचडी आणि ४के यांच्या मधलं रिझोल्यूशन, सप्टेंबर २०२२ मध्ये. या शेवटच्या दोन्ही गोष्टी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्येच, आधीच्या पिढीच्या एक्सबॉक्सला दिल्या होत्या. सोनीचं हे वरातीमागून घोडं, पण आलं खरं.

एवढ्यावरून ‘हार्डवेअर आहे म्हणजे फीचर येणारच’ असं मात्र समजू नका. ब्लूटूथ हेडफोनचंच बघा. मागणी साधी, तीच, आणि तीन कंपन्यांची उत्तरं तीन तऱ्हेची.

पहिल्या स्विचमध्ये ब्लूटूथ पहिल्या दिवसापासून होतं, कंट्रोलर त्यावरच चालायचे. हेडफोन जोडायची सोय मात्र मार्च २०१७ पासून थेट सप्टेंबर २०२१ पर्यंत नव्हती. मग एक दिवस गाजावाजा न करता ती आली. तीही अटींसह: हेडफोन जोडलेले असताना दोनच वायरलेस कंट्रोलर चालणार, ब्लूटूथ माइक नाहीच. प्लेस्टेशन ५ मध्येही ब्लूटूथ आहे, कंट्रोलर त्यावरच जोडला जातो, पण साधे ब्लूटूथ हेडफोन थेट चालत नाहीत. २०२३ मध्ये सोनीने स्वतःच्या हेडसेटसाठी प्लेस्टेशन लिंक नावाची वेगळी बिनतारी व्यवस्था आणली. आपला रस्ता बांधल्यावर कंपनी शेजारचा फुकटचा रस्ता कशाला उघडेल? हा माझा तर्क आहे, पण या सोयीची वाट बघून प्लेस्टेशन ५ घेऊ नये असं मी नक्की सांगेन. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसमध्ये तर ब्लूटूथच नाही, मायक्रोसॉफ्टची स्वतःची बिनतारी पद्धत आहे. तिथे आशा ठेवायलाही जागा नाही, आणि एका अर्थी ते बरंच.

म्हणून यंत्रात भाग आहे का, यानंतरचा प्रश्न असा की तो चालू केल्याने कंपनीच्या एखाद्या विक्रीला धक्का लागतो का. एम.२ ची खाच उघडली तर लोक आणखी खेळ डाउनलोड करतात, म्हणजे फायदाच. हेडफोनचं तसं नाही.

थीमचं तर मला अजून नीट कोडं उलगडलेलं नाही. प्लेस्टेशन ४ वर थीम, म्हणजे मेनूच्या स्क्रीनची तयार रूपं, होत्या, निन्टेंडोच्या ३डीएस या हातातल्या कन्सोलवर तर त्या पैसे देऊन विकत मिळायच्या. तरी पहिला स्विच काळा नाहीतर पांढरा यापलीकडे गेला नाही आणि स्विच २ बाजारात आला तोही तसाच. सोनीने प्लेस्टेशन ५ वर जुन्या कन्सोलच्या चार थीम डिसेंबर २०२४ मध्ये वर्धापनदिनानिमित्त दिल्या, काढून घेतल्या, आणि २०२५ मध्ये परत आणल्या. इथे ना हार्डवेअर आडवं येतं ना विक्री. फक्त कुणाच्या तरी यादीत ते बरंच खाली असावं.

जुन्या खेळांच्या बाबतीत एक्सबॉक्स सरळ पुढे आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्स ३६० चे खेळ त्याच्या पुढच्या पिढीच्या एक्सबॉक्स वनवर चालायला लागले, तेही वन बाजारात येऊन दोन वर्षं झाल्यावर, निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर. पण ही यादी वाढत राहील या आशेवर घेणार असाल तर थांबा: नोव्हेंबर २०२१ मध्ये सत्तरहून जास्त खेळांची भर टाकताना कंपनीने परवाने, कायदा आणि तंत्र यांच्या मर्यादा सांगून ती शेवटची असल्याचं जाहीर केलं. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर इतका वेगळ्या धाटणीचा होता की त्याच्या डिस्क प्लेस्टेशन ५ वर चालत नाहीत, ते खेळ स्ट्रीमिंगवरच. निन्टेंडो जुने खेळ सदस्यत्वाच्या वर्गणीत थोडेथोडे वाढते. गेमक्यूब या त्यांच्या जुन्या कन्सोलचे तर फक्त स्विच २ वर.

काय येतंय हे आधी कळण्याची सोयही तिघांकडे सारखी नाही. एक्सबॉक्सच्या इनसायडर कार्यक्रमात नाव घातलं की बऱ्याच गोष्टी आधी वापरून बघता येतात, सोनीही निवडक लोकांना बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, देते. निन्टेंडोच्या अपडेटखाली मात्र ‘सिस्टीमच्या स्थिरतेत सुधारणा’ हे वाक्य इतक्या वेळा आलंय की त्याचा विनोद झालाय. एवढं स्थिर यंत्र एव्हाना जमिनीत रुजायला हवं होतं.

आणि अपडेट दर वेळी देणाराच असतो असंही नाही. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची सोय होती. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने ती काढून घेतली, आणि प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. एक्सबॉक्स वनवर दोन गोष्टी शेजारीशेजारी चालवायचं स्नॅप २०१७ मध्ये गेलं.

मग घ्यायचं काय? जुने खेळ भरपूर असतील तर एक्सबॉक्स, पण आज चालणाऱ्या खेळांची यादी बघून. हार्डवेअरमध्ये दडलेलं काहीतरी पुढे उघडेल अशी आशा असेल तर सोनी, फक्त दीड-दोन वर्षं कळ काढायची तयारी हवी. निन्टेंडो घ्यायचा तो त्यांच्या खेळांसाठी. स्विच २ टीव्हीला जोडल्यावर व्हीआरआर चालेल असं कंपनीच्याच साइटवर आधी छापलं होतं, नंतर ते फक्त हातातल्या स्क्रीनपुरतं असल्याचं सांगून कंपनीने माफी मागितली. टीव्हीवरही पुढे कधी येईल? येईलही. पण त्यासाठी आज पैसे मोजणार असाल, तर मी तुमचा हात धरून मागे ओढेन.