चोरकप्प्यातली पावती

जुनं फर्निचर घ्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा. मुंबईतल्या एका दुकानातून आम्ही लिहायचं एक मेज घेतलं, एक लाख ऐंशी हजार रुपयांना. ‘शंभर वर्षांवर जुनं’ म्हणून. तक्रार चालू आहे, त्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही.

मेज ‘डेव्हनपोर्ट’ घाटाचं. वर चामडं लावलेलं उतरतं झाकण, एका बाजूला चार खण आणि दुसऱ्या बाजूला तसेच दिसणारे चार, पण ते नुसते देखाव्याचे, उघडतच नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लँकेस्टरच्या गिलो कारखान्याने कॅप्टन डेव्हनपोर्ट नावाच्या गिऱ्हाइकाला असं मेज करून दिलं, त्यावरून हे नाव. ही माहिती दुकानदारानेच दिली आणि ती खरी आहे. या लोकांची हातोटी हीच. नव्वद टक्के खरं सांगायचं आणि मालकीची गोष्ट त्यातच मिसळून द्यायची. आमच्या मेजाचे पहिले मालक म्हणे फोर्टातले एक पारशी सॉलिसिटर, मग पुणे कॅम्पातली त्यांची मुलगी, मग घर विकलं गेलं वगैरे.

खरा खेळ पुढे. खण दाखवता दाखवता दुकानदाराचा हात एका पट्टीवर पडला, टक् आवाज झाला आणि आतून चोरकप्पा बाहेर आला. त्यात पिवळी पडलेली, चौघडी घातलेली पावती. “अरे, हे तर आम्हीपण बघितलं नव्हतं!” सॉलिसिटरांचं नाव, साल १९११, रक्कम ६२.५०. किंमत कमी करायचं बोलणं तिथेच संपलं.

ती पावती आमच्या चुलत सासऱ्यांनी पाहिली. त्यांचा सगळा जन्म बँकेत गेला. चष्मा वर करून म्हणाले, “अहो, दशांश नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. तोवर आणे-पै. हा माणूस ६२-८-० लिहील, ६२.५० कसं लिहील?” शिवाय वीस रुपयांवरच्या पावतीला तेव्हा एक आण्याचं रेव्हेन्यू तिकीट लागायचं, त्याचा पत्ताच नाही. कागदाला ओलं बोट लावलं तर चहाचा रंग बोटावर आला.

मग ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. मेज उलटं केल्यावर त्यांनी बॅटरी मारली. लाकूड अस्सल जुनं सागवान, त्यात वाद नाही. पण तळाच्या फळीत एक चौकोनी खाच भुसा आणि फेविकॉलने बुजवलेली. मेजात त्या जागी खाचेचं काहीच काम नाही. “ही चौकटीची फळी आहे, पाडलेल्या घरातली,” ते म्हणाले. जुन्या सांध्यात सरस असतो. फेविकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. दुरुस्तीत लागलं असेल म्हणावं, तर प्रत्येक सांध्यात तेच. खणांच्या डव्हटेलचे, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेल्या सांध्याचे, दात एकसारखे, मशीनवर कापलेले. आतल्या बाजूला फुलीच्या खाचेचे स्क्रू, आणि तसे स्क्रू बाजारात आलेच १९३० च्या दशकात. थोडक्यात, लाकूड जुनं असलं तरी मेज अलीकडचं.

दुकानदार शांतपणे म्हणाला, “बिल वाचा.” बिलावर लिहिलंय ‘सागवानी टेबल, एक नग’. साल नाही, ‘अँटिक’ हा शब्दही नाही. पावतीबद्दल म्हणाला, ती तर तुमच्यासमोरच सापडली, मला काय माहीत!

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. तो दाखवायला सांगा. बिलावर अंदाजे काळ, लाकूड, नंतर बदललेले भाग आणि ‘जुनं नसल्यास पैसे परत’ एवढं लिहून घ्या. मेज उलटं करून बघू देत नसेल तर तिथून निघा. मालकीचे कागद मेजाबरोबर न बघता घरी आणून वेगळे तपासा, घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दाखवून.

ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आम्ही मिस्त्रींचं लेखी मत, खाचेचे फोटो आणि ती पावती जोडली आहे. दुकानदाराने अर्धे पैसे परत देऊ केले होते, पण पावती त्याला परत हवी होती. आम्ही दिली नाही.